वीणा खाली ठेवायची नाही

सुमन, अक्षर वाकडंतिकडं आलं तर नाक मुरडू नकोस. डाव्या खांद्यावर तुझी वीणा आहे. उजव्या हाताने तार छेडायची, मग एक ओळ लिहायची, परत तार छेडायची, असं चाललंय. मांडीला टेकली तर चालते, जमिनीला टेकता कामा नये, हा तुझाच नियम. चहा केला होता, तो समोर गार होऊन बसलाय, कारण तिसरा हात देवाने दिलेला नाही.

तुझ्या तेराव्याला आमटी खारट झाली होती. सगळे "छान, छान" म्हणत खात होते, आणि मला रडू फुटलं ते तिथे, क्रेमॅटोरियममध्ये नाही. तू असतीस तर पहिल्याच घासाला म्हणाली असतीस, "विजू, मिठाची बरणी उपडी केलीस का गं?" तीस वर्षं तू मला असंच तोंडावर बोललीस. तू हॉस्पिटलात मिडवाइफ, मी सर्जरीत, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनिस्ट. तू मँचेस्टरची पोरं जन्माला घालायचीस आणि ती शिंकली की त्यांना अपॉइंटमेंट मी द्यायची. आता मला खरं सांगणारं माणूस मी कुठून आणू, सांग बरं.

शिवाय आपलं भांडण अर्धवट राहिलंय. त्या दिवशी संकल्प सोडताना तुझी जीभ घसरली, की तू ते मुद्दाम बोललीस? किती वेळा विचारलं. तू प्रत्येक वेळी "पाणी सोडलं ना, मग झालं" म्हणून चहाचा कप पुढे सरकवायचीस. उत्तर न देताच गेलीस. हे काही बरं केलं नाहीस, बाई.

आपलं भजनी मंडळ म्हणजे काय होतं गं? गुरुवारी संध्याकाळी चर्चचा भाड्याचा हॉल, रेडिएटरखाली ओळीने बूट, बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या जमिनीवर सतरंज्या, आणि टाळ वाजले की खिडकीबाहेर थबकणारे कुत्रेवाले. पण ईस्टरच्या सुट्टीत तू सप्ताह बसवायचीस आणि त्या हॉलचं देऊळ व्हायचं. सात दिवस अखंड नाम, आणि कुणाच्या ना कुणाच्या खांद्यावर वीणा. एकाने दुसऱ्याच्या गळ्यात घालायची, पाया पडायचं, घरी जायचं. शेवटच्या दिवशी काला झाला की मगच ती पाटावर. तुमच्या साताऱ्याकडच्या गावात तुझे वडील वीणेकरी, पण मुलगी म्हणून तुला वीणेला हात लावू दिला नव्हता. वडील गेल्यावर तू ती विमानातून मांडीवर घेऊन आलीस आणि म्हणालीस, "इथे मला कोण अडवतंय बघू." कुणाची छाती होती तुला अडवायची!

मग मागच्या हिवाळ्यात सरकारने तो नियम बदलला. आपला मृदंगवाला अमोल पुण्याचा, हायली स्किल्ड व्हिसावर आलेला. येताना सांगितलं होतं, या, इथेच स्थायिक व्हा. त्यानेही शब्दावर विश्वास ठेवला, तिकडची नोकरी सोडली, गाशा गुंडाळला, रेणुकाला आणि लेकीला घेऊन आला. आता म्हणे व्हिसा वाढवायचा तर नव्याने मार्क मोजणार, आणि वयाची बत्तीस वर्षं गाठलेल्याला वयाचे मार्कच नाहीत. खेळ अर्धा झाल्यावर नियम बदलायचे, हे गल्लीतली पोरंसुद्धा करत नाहीत. अमोलला नकार आला, त्याने अपील केलं. त्या गुरुवारी त्याने मृदंगाला गवसणी घातली आणि म्हणाला, "काकू, पुढच्या सप्ताहाला दुसरं कुणी बघून ठेवा." रेणुका खाली मान घालून टाळांची दोरी गुंडाळत बसली होती.

आणि मागे रेडिएटरपाशी बसणारी ती नागपूरची डॉक्टर केतकी, हॉस्पिटलच्या क्वार्टरमध्ये राहणारी, तीही तेव्हाच बोलली. तिचं ट्रेनिंग निम्म्यावर असताना तिला सांगितलं होतं की पुढच्या जागांसाठी आधी इथले, मग युरोपातले, उरलं तर तू. एवढंच बोलली आणि खाली बसली. आम्ही अमोलच्याच काळजीत होतो, तिच्याकडे कुणी फारसं बघितलं नाही.

मी तर पेटलेच होते. म्हटलं, खासदाराकडे जाऊ, फलक करू, पेपरवाल्यांना बोलावू. तेवढ्यात तुझे यजमान, वसंतराव, उठले. मंडळाचे अध्यक्ष, रिटायर्ड भूलतज्ज्ञ, आणि बोलायला लागले की समोरच्याला भूल चढलीच पाहिजे असा आवाज. "इथे आपण देवाचं नाव घ्यायला जमतो, सरकारशी भांडायला नाही. आपण या देशात पाहुणे आहोत. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं."

"पाहुणे?" मी म्हटलं. "वसंतराव, तीस वर्षं टॅक्स भरणारा पाहुणा तुम्ही कुठे पाहिलात?"

निम्मी माणसं त्यांच्या बाजूने, निम्मी माझ्या. साठेकाकू तर म्हणाल्या, आपली नावं कुठे लिहून घेतली तर? त्यांचा पासपोर्ट ब्रिटिश, घर स्वतःचं, तरी ही भीती. आणि तू? तू गप्प. टाळ पिशवीत भरत होतीस. मला तुझा इतका राग आला होता, की घरी जाताना गाडीत मी तुझ्याशी एक शब्द बोलले नाही. तू मात्र मजेत गुणगुणत होतीस.

सप्ताहाच्या पहिल्या सकाळी तू पाटावर बसलीस, हातात पळीभर पाणी घेतलंस. दर वर्षी तेच वाक्य असायचं, सात दिवस नामस्मरण घडो, वीणा अखंड राहो. त्या दिवशी तू म्हणालीस, "अमोल, रेणुका आणि त्यांच्या लेकीला इथे राहायची परवानगी मिळेपर्यंत ही वीणा जमिनीला टेकणार नाही." आणि ताम्हनात पाणी सोडलंस.

वसंतरावांचा चेहरा पांढराफटक. "सुमन, अगं, काय बोललीस तू?"

"बोलले ते बोलले. पाणी सोडलं."

"आणि नाही मिळाली परवानगी तर?" हे मी विचारलं, कारण मीसुद्धा हबकले होते.

"तर नाही टेकवायची," तू म्हणालीस आणि वीणा गळ्यात घातलीस.

तुला कल्पना होती का गं आपण काय करून ठेवलंय याची? सात दिवस सरले, हॉल बॅडमिंटनवाल्यांना द्यायचा होता. किल्लीवाला दारात उभा, आणि आपल्या खांद्यावर वीणा. तू शांतपणे कोट चढवलास, वीणा कोटावर अडकवलीस आणि ट्रॅमने घरी निघालीस. मी सोबत. ट्रॅममध्ये एका आजींनी विचारलं ही गिटार आहे का, तर तू म्हणालीस, "नो लव्ह, शी इज ऑन ड्यूटी." त्या आजी आपलं स्टेशन येईपर्यंत वीणेकडे आदराने बघत होत्या.

तिथून वीणा घरोघर फिरायला लागली, आणि तुझा डाव माझ्या लक्षात आला. डाव होता, सुमन, कबूल कर. फलक धरायला माणूस नाही म्हणू शकतो. सहीला नाही म्हणू शकतो. पण दारात वीणा घेऊन कुणी उभं राहिलं, सकाळपासून पहारा करून त्याचे पाय दुखतायत, तर त्याला नाही कोण म्हणणार? साठेकाकूंनी आधी पडद्याआडून बघितलं. मग दार उघडलं, हात धुतले आणि मान पुढे केली. दुसऱ्या खेपेला फोन करून विचारलं, "आमच्याकडे कधी पाठवताय?" शेजारचे गुजराती आले, लीड्सचं मंडळ आलं. चर्चच्या व्हिकरबाई आल्या, त्यांना तू आधी तार छेडायला शिकवलंस आणि मग त्यांच्या गळ्यात घातलीस. त्या रविवारी त्यांनी आपल्या प्रार्थनेत अमोलचं नाव घेतलं, उच्चार जमेल तसा.

वसंतरावांचं मात्र मी विसरणार नाही. घरात वीणा, ते वरच्या मजल्यावर पेपर वाचत बसायचे. एका सकाळी तू युनिफॉर्म घालून त्यांच्यासमोर उभी राहिलीस. "अहो, माझी शिफ्ट आहे. पहारा तुमचा." गळ्यात घातलीस आणि बस पकडायला पळालीस. मी डबा द्यायला आले तर हे फ्रंट रूममध्ये टाय लावून ताठ उभे, आणि तार अशी छेडतायत की जणू पेशंटची नाडी बघतायत. मी हसू दाबलं. तेवढ्यात त्यांना सोडवायला अमोल आला. पण त्यांनी वीणा दिली नाही. विचारलं, "तुला बोलावलं तेव्हा काय सांगितलं होतं रे?"

"या म्हणाले काका. इथेच राहा, घर करा."

वसंतरावांनी तार छेडली आणि म्हणाले, "आम्हालाही हेच सांगितलं होतं. फरक इतकाच, की आमच्या बाबतीत त्यांनी शब्द पाळला." आणि अमोलला म्हणाले, तू बस, चहा घे, मी अजून थोडा वेळ धरतो. हे सगळं मी तुला हॉस्पिटलात फोन करून सांगितलं, तेव्हा तू लेबर वॉर्डात असूनही मोठ्याने हसलीस.

क्रॉयडनचं भांडण मात्र मी अजून सोडलेलं नाही. तिथल्या व्हिसाच्या ऑफिससमोर जायचं ठरलं, अख्खी बस, कोच, ठरवली, केतकीने पहाटे उठून सगळ्यांसाठी पोळीचे रोल बांधून आणले. मी रात्रंदिवस खपून फलक रंगवले होते, आणि तू ते कोचच्या पोटातून बाहेरच काढू दिले नाहीस. म्हणे, "फलक धरायला हात लागतात, हात टाळांत आहेत. आपण निदर्शनं करत नाही विजू, भजन करतोय." अगं पण लोकांना कळायला नको का, हे कशासाठी चाललंय? मी एक फलक काढलाच. तू माझ्याकडे बघितलंस. मी तुझ्याकडे बघितलं. मग तू अभंगाला सुरुवात केलीस.

त्या पोलिसाचा चेहरा आठवतो? बिचारा नम्रपणे विचारतोय, तुमचं साधारण कधी संपेल? तू म्हणालीस, "व्हेन दे लेट देम स्टे." तो म्हणाला, नाही, आज कधी संपेल? तू त्याला वीणेचा अख्खा नियम समजावून सांगितलास. तो ऐकून घेत राहिला आणि शेवटी म्हणाला, फुटपाथ मोकळा ठेवा म्हणजे झालं. रांगेतली माणसं, कुठल्या कुठल्या देशांची, हातात फायली घेऊन आपल्याकडे बघत होती. एका बाईने टाळ मागून घेतले आणि ताल धरला, आपल्यापेक्षा चांगला. पेपरात फोटो आला तो मात्र माझा, फलकासह, तोंड वासलेला. तू तो कापून फ्रिजवर लावलास. तरी सांगते, फलक नसता तर फोटो आला नसता. तुला हे मान्य करावं लागेल, आज ना उद्या.

आता ते लिहायचंय जे लिहायला मी टाळाटाळ करतेय. सकाळचा पहारा माझा होता, तू मला सोडवायला आलीस. जिना चढल्यासारखी धाप लागली होती, आणि माझ्या दारात तर एकच पायरी. मी वीणा तुझ्या गळ्यात घातली, पाया पडले, तू नेहमीसारखं "पुरे गं" म्हणालीस. जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलीस. "विजू, आलं घालून चहा टाक." मी किचनमध्ये आलं ठेचत होते, तार ऐकू येत होती. मग ऐकू येईना.

तू भिंतीला टेकून बसली होतीस. दोन्ही हात वीणेभोवती. वीणा मांडीवर, सरळ उभी. जमिनीला टेकली नव्हती, सुमन. मी शपथेवर सांगते, टेकली नव्हती.

मी ती तुझ्या गळ्यातून काढली आणि माझ्या पाठीवर टाकली. तशीच नाइन नाइन नाइन फिरवला, तशीच गुडघ्यावर बसून फोनवरची मुलगी सांगेल तसं तुझ्या छातीवर दाबत राहिले. वीणेचा भोपळा दर दाबाला माझ्या पाठीवर आपटत होता. अँब्युलन्सवाले आले, म्हणाले, पुट दॅट डाऊन, लव्ह. मी म्हटलं, आय कान्ट. त्यांना वाटलं धक्क्याने बोलतेय. तुला नेलं तेव्हा मी दारात उभी होते, रडत होते आणि तार छेडत होते. लोक म्हणतात, कसं सुचलं गं तुला? मला नव्हतं काही सुचत. तू खाली ठेवायची नाही म्हणाली होतीस, एवढंच डोक्यात होतं. तुला वाचवता आलं नाही, वीणा तेवढी वाचवली. हा सौदा मला कुणी विचारला असता तर मी वीणा खिडकीबाहेर फेकली असती, हेही तुला सांगून ठेवते. तू रागावली असतीस तरी.

क्रेमॅटोरियमहून आल्यावर वीणा साठेकाकूंकडे होती. तुझ्या नेहमीच्या वाराला, तुझ्या पहाऱ्याच्या वेळेला, वसंतराव त्यांच्या दारात जाऊन उभे राहिले. काकू गांगरल्या. "वसंतराव, तुम्हाला सुतक आहे हो."

ते म्हणाले, "नामाला सुतक नसतं. हे मला तिनेच सांगितलंय. तिचा पहारा माझा." आणि मान पुढे केली. काकूंनी डोळे पुसत वीणा घातली. तुझे वसंतराव, सुमन. पाहुण्याने पाहुण्यासारखं राहावं म्हणणारे.

आणि आता मुख्य गोष्ट. अमोलचा फोन आला तेव्हा पहारा माझाच होता. आधी नुसतं रडणं ऐकू आलं. म्हटलं, संपलं. मग रेणुकाने फोन घेतला आणि ओरडली, "काकू, अपील मंजूर! राहा म्हणाले! आम्ही राहतोय!" सुमन, ते राहतायत. तुझा मृदंगवाला कुठेही जात नाही. मी फोन तसाच वीणेच्या तारेजवळ धरला, दुसरं काय करणार? तुझा नंबर तर माझ्या मोबाइलमध्ये अजून पहिलाच आहे, आणि बोट त्याच्यावरच गेलं होतं.

या गुरुवारी काला केला. हॉल भरून बाहेर पॅसेजपर्यंत माणसं. तुझी नेहा लंडनहून आली होती, माझ्यासोबत दहीपोहे कालवत होती. मी सहज म्हटलं, तुझ्या आईने त्या दिवशी चुकून बोलून केवढा घोळ घातला. तर आपल्या इंग्रजाळलेल्या मराठीत म्हणते, "चुकून नाही, विजूमावशी. आई आधी प्रॅक्टिस केला होता. मी ईस्टरला घरी होते ना, किचनमध्ये ती तो वाक्य सारखा सारखा बोलत होता. मला विचारला, बरोबर वाटतं का?"

मी पोह्यांत हात घालून तशीच उभी राहिले. लबाड कुठली! म्हणजे गाडीत गुणगुणत होतीस ते यासाठी. मंडळात गप्प राहून, माझा राग सोसून, तू घरी बसून वाक्य पाठ करत होतीस. मला सांगितलं असतंस तर मी काय कुणाला सांगणार होते? बरं, सांगितलं असतं मी. सगळ्यांना सांगितलं असतं. तू मला नीट ओळखत होतीस.

काल्याचं कीर्तन झालं. वसंतरावांनी वीणा खांद्यावर घेतली, पाटापाशी आले. पाटावर तुझी ती मोरपिशी शाल अंथरली होती. अमोलने मृदंग थांबवला. सगळे हात जोडून उभे, माझे डोळे वाहत होते, म्हटलं, झालं, सुमनचं काम झालं. ते वाकले. वीणा पाटाच्या वर वीतभर आली असेल. आणि थांबले.

त्यांनी वर बघितलं, सगळ्यांच्या डोक्यांवरून, मागे रेडिएटरपाशी. तिथे केतकी उभी होती, प्रसादाच्या वाट्या हातात घेऊन.

"केतकी, बेटा, पुढे ये."

ती आली. त्यांनी वीणा परत खांद्यावर चढवली. मला म्हणाले, "विजयाताई, पळीभर पाणी द्या." मी दिलं. त्यांनी पाणी तळहातावर घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टर केतकीला तिचं शिक्षण इथे पुरं करायची परवानगी मिळेपर्यंत ही वीणा जमिनीला टेकणार नाही." पाणी ताम्हनात पडलं. साठेकाकू सगळ्यांच्या आधी पुढे आल्या आणि मान वाकवून उभ्या राहिल्या.

सुमन, वसंतराव एका शब्दाला अडखळले नाहीत. नक्कीच त्यांनी ते घरी किचनमध्ये म्हणून पाहिलं असणार.